डोमाजी मास्तर आणि 'वेडावणे'

"माहा आवाज असा हाये, हे मले आज समजलं गा."

वाक्य दाराबाहेरून आलं, अगदी हळू, आणि मी फळ्यासमोर होते तिथेच थिजले. माझ्या हातात खडू होता. मान डावीकडे कललेली होती आणि तोंडातून नुकतंच, "पोरी हो, हा शब्द... कोनाच्या घरी बोलते?" असं निघालं होतं, तेही पुरुषी, खर्जातल्या, किंचित घोगऱ्या आवाजात. वर्गातल्या सतरा मुली क्षणापूर्वी बाकांवर डोकी टेकून हसत होत्या. आता सगळ्या ताठ सरसावून बसल्या.

दाराला बांबूच्या काड्यांचा पडदा होता. पलीकडून फक्त दोन सावल्या दिसत होत्या, एक चपराशाची आणि एक डोमाजी मास्तरांची. म्हणजे त्यांनी मला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

"हाव मास्तर," चपराशी म्हणाला, "मले वाटलं तुम्हीच अंदर आहात."

मास्तर आत येईपर्यंत मी माझ्या बाकावर, तिसऱ्या ओळीत भिंतीकडेला जाऊन बसले होते. मी तशीही कुणाला दिसत नसे. मास्तरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, फळ्यापाशी पडलेला खडू उचलला आणि खिशातून पाठकोऱ्या कागदाची एक चिठ्ठी काढली. रागवायच्या आधी कुणी चिठ्ठी काढतं का, हे आम्हाला कळेना.

"आता इथं जे झालं," ते म्हणाले, "त्याले तुमच्या घरी काय म्हनते?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

"मी रागावून नाई राहिलो वं. विचारून राहिलो. एक शब्द द्या."

मागून कुणीतरी भीत भीत म्हणालं, "नक्कल." त्यांनी लिहून घेतलं. दुसरी म्हणाली, "सोंग." तेही लिहिलं. एकीने इंग्रजी शब्द सांगितला, तर त्यांनी मान हलवून पेन्सिल वर धरली, म्हणजे पुढचा सांगा. मग मंजुळा उभी राहिली. मंजुळा कापड दलालाची मुलगी, वर्गातली सगळ्यांत वात्रट. ती म्हणाली, "आमच्या घरी आई म्हणते, वेडावून दाखवू नकोस."

मास्तरांची पेन्सिल थांबली. "वेडावनं," ते स्वतःशीच म्हणाले. "हा इतक्या दिवस माह्या हातून कसा सुटला बाप्पा?" आणि तास संपेपर्यंत ते त्या एकाच चिठ्ठीकडे बघत राहिले. त्या दिवशी कुणाला शिक्षा झाली नाही. कुणी केलं, हेही त्यांनी विचारलं नाही.

डोमाजी मास्तर नागपुरातल्या आमच्या शाळेत आठवड्यातून तीन तास मराठी शिकवत. शाळा इंग्रजी होती. आवारात मराठी बोलायची बंदी होती, आणि मोठ्या बाई विलायतेहून आलेल्या होत्या. मराठीचा तास म्हणजे बाकीच्या दिवसाला पडलेलं एक भोक होतं, आणि त्या भोकातून मास्तर आत येत. इतवारीपलीकडच्या कोष्टीपुऱ्यातून ते पायी येत. त्यांचे वडील माग चालवत. मास्तर स्वतःही लहानपणी गिरणीच्या मागांवर होते, आणि तिथल्या खडखडाटाने त्यांचा डावा कान कायमचा जड झाला होता. पुढे नॉर्मल स्कुलात शिकून ते मास्तर झाले. पुस्तक वाचताना त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे. पुस्तक मिटलं की ती घरी जाई, आणि मग 'मले', 'तुले', 'काहून' सुरू होई. आम्हा मुलींना त्याचं भारी हसू यायचं. आम्ही सिव्हिल लाइन्स आणि धंतोलीसारख्या सुखवस्तू वस्त्यांतल्या मुली. आमच्या घरीही मोलकरीण तशीच बोलायची, आणि तेवढ्यावरून आम्ही मास्तरांची किंमत ठरवून टाकली होती.

ते शब्द जमवत. नागपूरच्या माणसांच्या तोंडचे शब्द, जे छापील कोशात नसतात, किंवा असले तरी मेलेले असतात, असं ते म्हणत. प्रत्येक शब्दाला एक चिठ्ठी. ज्याच्याकडून तो मिळाला त्याचा धंदा चिठ्ठीवर लिहिलेला असे, नाव नसे. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या ते एका सुतात ओवत. विणकराच्या घरचे असल्यामुळे गाठी मारायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. शब्द नुसता ऐकला की सुताला एक गाठ. तो शब्द ज्या वस्तूचा किंवा ज्या कामाचा असेल ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की दुसरी गाठ. दुसरी गाठ बसल्याशिवाय तो शब्द मोठ्या वहीत जायचा नाही. घरी अशी शेकडो सुतं खुंट्यांवर लोंबत होती, आणि त्यांतली बरीचशी एका गाठीवर वर्षानुवर्षं अडून होती.

"ऐकला म्हनून झाला नाई," ते म्हणत. "डोयानं पाह्यला पाह्यजे."

हा नियम ते आमच्या निबंधांनाही लावत. 'हिवाळा' या विषयावर मी लिहिलं होतं की सकाळी छपरांवर पांढरंशुभ्र बर्फ चमकतं. इंग्रजी वाचनमालेत तसंच होतं. मास्तरांनी वही परत देताना विचारलं, "तू बर्फ पाह्यला का वं?"

मी मान खाली घातली.

"मी पाह्यला. इतवारीत, लाकडाच्या भुशात पुरून ठेवते तो. पांढरा नाई, काया असते, त्याले भुसा चिकटला असते." वर्ग हसला. ते हसले नाहीत. "तुह्या घरी थंडीत सकाळी काय दिसते?"

मी खाली बघतच म्हटलं, "आई चुलीवर पाणी ठेवते. त्या वाफेत तिचा चेहरा दिसत नाही."

त्यांनी वही पुन्हा माझ्या हातातून घेतली, लाल शाईने बर्फावर काट मारली, आणि मी बोलले होते ते वाक्य माझ्या शब्दांत, एकही अक्षर न बदलता, समासात लिहून दिलं. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेण्यासारखं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी ती वही बरेच दिवस उशाशी ठेवत असे. का, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मी फारशी बोलत नसे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे माझ्या तोंडून पहिलं अक्षर निघेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असे. हजेरीच्या वेळी मला 'प्रेझेंट'ही दोनदा म्हणावं लागायचं. पण गप्प राहणाऱ्याला ऐकू फार येतं. मोठ्या बाईंचा 'र', शिवणाच्या बाईंचं वाक्याच्या शेवटी उसासा टाकणं, आमच्या आत्याचं 'अगं बाई' आधी आणि गोष्ट नंतर, हे सगळं माझ्यात साठत जायचं. वर्गात शिक्षक नसले की मुली मला फळ्यासमोर ढकलत, आणि दुसऱ्याच्या आवाजात मी धडाधड बोलायची. माझ्या स्वतःच्या आवाजात मात्र मला काही सुचायचं नाही.

त्या दिवसानंतर 'वेडावणे' हा शब्द मास्तरांच्या मागेच लागला. दर तासाला ते त्याची काहीतरी खबर आणत. जणू हरवलेल्या माणसाचा तपास चालला होता आणि आम्ही त्याच्या घरची मंडळी होतो.

एकदा ते कचेरीत जाऊन आले. तिथे दस्तऐवजाची नक्कल करणाऱ्या कारकुनाला त्यांनी विचारलं होतं. "तो म्हनते, नक्कल म्हंजे जसंच्या तसं. एक काना हल्ला तं साहेब धरते. तं मंग नकलेत चेष्टा कोठं आहे? नाई. हा शब्द अरबी-फारशीतून कचेरीत आला अन् कचेरीतून आपल्या घरी. बाकी चेष्टा आपन घातली त्याच्यात." मग ते खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, करणाऱ्या एका सोंगाड्याकडे गेले. तो पायांत घुंगरू बांधत होता. तो म्हणाला, सोंग आणताना मी त्या माणसात शिरतो, बाई झालो तर चूल दिसायला लागते मला. वेडावणं म्हणजे तसं नाही. वेडावणारा बाहेरच उभा असतो.

"बाहेर उभा असते," मास्तरांनी ते वाक्य दोनदा म्हटलं. मग सवयीप्रमाणे थांबले. ते बोलता बोलता असे मध्येच थांबत. पुढचा शब्द तोंडाशी आलेला असे, पण तो बरोबर आहे का हे त्यांना उजव्या कानाने आधी ऐकून घ्यायचं असे. "पन कोनाच्या बाहेर? तेच तं समजून नाई राहिलं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली. काळ्या-पिवळ्या मारबतींच्या मूर्ती गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि त्यांच्याबरोबर बडगे असतात, म्हणजे बांबूचे आणि कागदाचे पुतळे. कुणा पिळणाऱ्या सावकाराचा, कुणा उर्मट अंमलदाराचा, ज्याच्यावर त्या वर्षी लोकांचा राग असेल त्याचा. मास्तर सकाळपासून त्या गर्दीत उभे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात आले तेव्हा आवाज बसला होता, पण डोळे चमकत होते.

"एका अंमलदाराचा बडग्या होता. पोट जरा जास्तच मोठं केलं होतं. लोकं त्याच्यासारखे चालून राहिले, त्याच्यासारखे खाकरून राहिले. अन् मी वर पाह्यलं, तं तो अंमलदार स्वतः माडीवर उभा! पाहून राहिला! लोकायले मालूम होतं. म्हनून तं अजून जोरात." त्यांनी टेबलावर थाप मारली. "हे वेडावनं! मानूस समोर पाह्यजे. त्याले दिसलं पाह्यजे. मांगं करते ते वेगळं. समोर कराले हिंमत लागते वं पोरी हो, हिंमत."

मी भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, ते माझ्याशी बोलताहेत. मग वाटलं, मी त्यांना दिसलेलीच नाही, त्यांना फक्त शब्द दिसतोय.

या शब्दाचं मूळ मात्र त्यांना सापडेना. पुण्याच्या कुणा विद्वानाला त्यांनी पत्र घातलं होतं. उत्तर आलं की हा संस्कृत 'विडंब'वरून आलेला आहे. मास्तरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं, आदराने घडी घातली आणि म्हणाले, "असन. ते शिकले मानूस आहे. पन विडंबन करताना मी आजलोक कोनाले पाह्यलं नाई. मले वाटते याच्यात 'वेड' आहे. कोन वेडा पन? ज्याले वेडावते तो, का वेडावनारा?" त्या सुताला एकच गाठ राहिली. अंमलदाराचं त्यांनी लांबून पाहिलं होतं. लांबून पाहिलेलं ते धरत नसत.

मग त्यांच्याच हातून एक चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकते. दिवाळीनंतर एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते या शब्दाविषयी सांगत होते. सांगता सांगता मोठ्या कौतुकाने म्हणाले, आमच्या वर्गातली एक मुलगी माझी अशी हुबेहूब नक्कल करते की चपराशी फसला. त्यांना ती शाबासकी वाटत होती. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेली, आणि तिथे ती शाबासकी उरली नाही. वर्गात शिक्षकाचा अपमान झाला होता.

मोठ्या बाईंनी चौकशी केली नाही, कारण त्यांना चौकशीची गरजच वाटली नाही. सगळ्यांत वात्रट म्हणून मंजुळालाच बोलावलं आणि सांगितलं की सगळ्या शाळेसमोर मास्तरांची माफी मागायची, नाहीतर मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही. मंजुळा म्हणाली, मी केलंच नाही. मग कुणी केलं? त्यावर ती गप्प बसली. वर्गातल्या सगळ्या मुली गप्प बसल्या. चहाडी करायची नाही हा आमचा एकमेव कायदा होता, आणि त्या कायद्याच्या आड मी सुखरूप होते.

मास्तर मोठ्या बाईंकडे गेले. ते चपराशाने आम्हाला सांगितलं. मास्तरांनी आपल्या इंग्रजीत समजावलं की माझा अपमान झाला नाही, मला तर आनंद झाला. बाई म्हणाल्या, प्रश्न तुमच्या आनंदाचा नाही, शिस्तीचा आहे.

फॉर्म जायला आठ दिवस राहिले होते. मंजुळा पाण्याच्या नळापाशी मला भेटली. तिने हात धुतले, माझ्याकडे न बघता झटकले.

"तू कशाची सांगतेस गं!" ती म्हणाली. "तुला तर 'प्रेझेंट' म्हणायला घाम फुटतो."

मी नळ बंद केला.

"माझे बाबा वाटच बघताहेत. परीक्षा नाही तर शाळा कशाला, म्हणतात. वर्ध्याचं स्थळ तयार आहे. ये जेवायला. पंगतीत तरी तोंड उघडशील."

ती हसली आणि गेली. तिच्या हसण्याचा राग आला असता तर बरं झालं असतं.

त्याच शनिवारी दुपारी मावशीबरोबर मी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले. मावशीला लुगडी घ्यायची होती. ती दुकानात गाद्यांवर बसून एकेक लुगडं उलगडायला लावत होती, आणि मी पायरीशी उभी होते. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर डोमाजी मास्तर बसलेले दिसले. दोन व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबत होते, आणि मास्तर त्यांच्याकडे लहान मुलानं बाहुल्यांचा खेळ बघावा तसे बघत होते. मला पाहून त्यांनी हाताने बोलावलं.

"पाह्य," ते कुजबुजले, "तोंडानं एक अक्षर नाई. बोटाबोटातच भाव ठरून राहिला."

मी तिथे उभी राहिले. मास्तर भेटले तर म्हणायचं म्हणून पाठ केलेलं एक वाक्य होतं, तेही इंग्रजीत. ते तोंडातच राहिलं.

"तू काहून आली?" त्यांनी विचारलं.

"मंजुळानं केलं नाही," मी म्हणाले.

"मले मालूम आहे."

"मग तुम्ही मोठ्या बाईंना सांगा ना. तुमचं ऐकतील."

"सांगतलं. ते म्हनते, मंग कोन? आता कोनाचं नाव सांगू?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर उपरण्यावरच होती. मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी समजलं."

"पडदा होता ना."

"डोयाची गोष्टच नाई." मग ते नेहमीसारखे थांबले, उजवा कान किंचित पुढे करून. "बाकीच्या पोट्ट्या माही टर उडवते, तं 'मले-तुले' करते. बस, तेवढंच ऐकू येते त्याहिले. त्या दिवशी जे झालं त्याच्यात माहं थांबनं होतं. जिथं मी थांबतो, तिथंच. तेवढाच वेळ. आजलोक माह्या बायकोलेही ते ऐकू आलं नाई. आता मले सांग, अठरा पोट्ट्यायमंधी इतकं ऐकनारी कोन असन? जे सगळ्यात कमी बोलते तेच."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला एवढंच वाटत होतं की एका माणसाने, ज्याचा एक कान कामातून गेला होता, पडद्याआडून मला असं ऐकलं, जसं घरच्या कुणी समोर बसूनही ऐकलं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही माझ्या वतीनं—"

"नाई वं पोरी." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चूक माहीही आहे. माह्याच तोंडानं बाहेर गेलं. मी माहं बोललो. पन तुह्या जागी बोललो तं तुले तुहा आवाज कोन देईल?"

दुकानातून मावशीने हाक मारली. मास्तर उठले, धोतर झटकलं आणि मावशीला वाकून नमस्कार करत म्हणाले, "हुशार आहे तुमची पोरगी." मावशी टांग्यात म्हणाली, "कोण गं हे? कसं बोलतात!" मी त्यांच्यासारखं बोलून दाखवावं, अशी तिची अपेक्षा होती. घरी मी तिला सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. त्या दिवशी नाही दाखवली.

मास्तर आता नाहीत, मागच्या उन्हाळ्यात गेले. मला कळलं तेव्हा चौदावा दिवस होऊन गेला होता. भावाला बरोबर घेऊन मी कोष्टीपुऱ्यात गेले. मागाच्या खोलीत खुंट्यांवर सुतं तशीच होती, वाऱ्याने चिठ्ठ्या हलत होत्या. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "याचं आता काय करू वं बाई? फेकाले हात नाई होत." त्यांनी मोठी वही माझ्यापुढे ठेवली. मी 'व' काढला. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'वेडावणे : एखाद्याचे बोलणे-चालणे त्याच्यासमोर, त्याला दिसेल व ऐकू येईल असे करून दाखवणे. करणाऱ्याला धीर लागतो. पाहणाऱ्यालाही. मिळाला : शाळेत शिकणाऱ्या मुलीकडून. उत्पत्ती : ठरली नाही.'

दुसरी गाठ बसल्याशिवाय शब्द वहीत जात नसे. ती कशी बसली, हे आता फार तर मंजुळाला आणि मलाच आठवत असेल.

त्या वर्षी, फॉर्म पाठवायच्या दिवशी सकाळी, सगळी शाळा हॉलमध्ये जमली होती. प्रार्थना झाली. व्यासपीठावर मोठ्या बाई उभ्या होत्या, आणि शिक्षकांच्या रांगेत अगदी टोकाच्या खुर्चीवर मास्तर, टोपी मांडीवर घेऊन. बाईंनी मंजुळाचं नाव घेतलं. ती उठली, पुढे गेली आणि सरळ उभी राहिली. तिच्या वेणीची रिबीन सुटली होती, तिने ती बांधली नव्हती. बाईंनी विचारलं, "माफी मागणार आहेस?" मंजुळा म्हणाली, "नाही."

मी उभी राहिले. माझे पाय उभे राहिले, असं म्हणायला हवं. आजूबाजूच्या मुली माझा फ्रॉक ओढत होत्या. मी इंग्रजीत म्हणाले की ते मी केलं होतं.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना माझं नाव आठवायला वेळ लागला. मग त्या जवळजवळ मायेने म्हणाल्या, "मैत्रिणीला वाचवतेस, हे चांगलं आहे. पण खोटं बोलणं चांगलं नाही. तुझा तर आवाजही कुणी ऐकलेला नाही. बस खाली."

कुणीतरी हसलं. खाली बसणं किती सोपं होतं, ते मला अजून आठवतं. बाईंनी स्वतःच मला वाट काढून दिली होती.

मी बाकांमधून पुढे चालत गेले. मंजुळाच्या शेजारी, पण तोंड मास्तरांकडे करून, उभी राहिले. त्यांच्या आणि माझ्यामध्ये चार-पाच हात अंतर असेल. मी मान डावीकडे कलती केली आणि त्यांच्या आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघत, म्हणाले, "पोरी हो, अपमान माहा झाला नाई... अन् झाला असन, तं तो मी माह्या मनानं सोडून दिला. पन हे शाया आहे. इथं जे ऐकाले शिकले नाई, तेच... शिकवून राहिले."

जिथे ते थांबले असते तिथे मी थांबले. मास्तर खुर्चीच्या कडेला पुढे आले होते, उजवा कान माझ्याकडे करून. ओठ किंचित हलत होते, जणू ते माझ्याबरोबर म्हणत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मला नाव देता येत नाही. ते हसू नव्हतं. माणूस आरशात पहिल्यांदा स्वतःची पाठ बघतो तेव्हा कसा होत असेल, तसे ते झाले होते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. शेवटी मंजुळाला म्हणाल्या, "तू जा. तुझा फॉर्म जाईल." मंजुळा हलली नाही, शेजारीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुझा या वर्षी जाणार नाही. आता यांची माफी माग."

इंग्रजीत त्यासाठी एक छोटा शब्द तयार होता. दिवसातून दहा वेळा आम्ही तो एकमेकींना फेकून मारत असू. तो मी म्हटला नाही. आवारात मराठी बोलायची बंदी होती, तरी मी मराठीत बोलले, कुणाच्याही आवाजात नाही, आणि तो आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला.

मी म्हणाले, "मास्तर, तुमच्या पाठीमागे केलं, ते चुकलं. आत्ता समोर केलं, ते नाही."